जार

बाराव्या ओळीवर शमीम परकारनं बोट ठेवलं:
'समुद्राचं पाणी इथे अमृत होतं.'
अमृत काढावं. लिटरमागे मीठ किती उरतं ते लिहावं.
फहाहीलला तेव्हा अकरा वाजले असतील,
इथे बरकाला बारा.
चार नंबरचा पंप खोकत होता.
मी अमृत काढलं, आकडा घातला,
आणि वाक्य पिण्यालायक झालं.

आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.
ती रक्त तपासते,
म्हणजे शंका घ्यायचा पगार मिळतो.
मी पाण्यातून मीठ काढायच्या प्रकल्पात शिफ्टवर,
खोलीवर आल्यावर पुन्हा तेच, मराठीत, फुकट.
दोह्याचा पेडणेकर फक्त शुद्धलेखन बघतो.
माझ्या 'निक्षारीकरणा'वर त्यानं एक रफार आणून ठेवला
आणि उडून गेला.
मजकुराबद्दल चकार शब्द नाही.

मार्चमध्ये मी तिच्या 'सांदण'वर गेलो होतो.
तांदळाचा रवा, नारळाचं दूध, आंबवायला माडी,
सगळं चोख.
पण शेवटी: 'अत्यंत चविष्ट पदार्थ.'
विचारलं, कुणाच्या मते?
माझ्या आईच्या.
लिहिलं, आई हा संदर्भ धरता येत नाही.
तीन दिवस ती फिरकली नाही.
चौथ्या दिवशी 'अत्यंत' गेलं होतं,
'चविष्ट' होतं तिथेच.
मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.
नियमात तसं काही नाही.

ऑगस्टात माझा लेख वाढला.
पाणी ओढणाऱ्या तोंडाशी
जेलीफिश येऊन थापले जातात, हजारोंनी,
जाळ्या तुंबतात, शहराचा नळ घोगरा होतो.
आणि त्याखाली:
'अशीच जाळी साफ करताना
केळशीचे भिवा खवळे हे कामगार वारले.'
इतकंच.
विशेषण एकही नाही, तिच्याच शिस्तीत.

सकाळी ओळ नव्हती.
'वर्तमानपत्रात नाही. कंपनीच्या अहवालात नाही.
संदर्भाअभावी वगळले.'

मी जे लिहिलं ते आता वाचवत नाही.
आईचा सुड उगवलात, असं काहीतरी.
मी होतो तिथे, त्याचे बूट मी पिशवीत भरले,
डावा ओला होता.
(पेडणेकरनं मध्येच येऊन 'सुड' दीर्घ केला.)

ती म्हणाली,
तुम्ही तिथे होतात,
म्हणूनच तुमचं चालत नाही.

बराच वेळ काही नाही.
पंप तेवढा.

मग: लेखात सहा ठिकाणी जेलीफिश आहे
आणि एका ठिकाणी जार.
जार कोण म्हणतं?

भिवा म्हणायचा, मी लिहिलं.
पहिल्या दिवशी मी जेलीफिश म्हणालो तर हसला होता.
म्हणे, आमच्याकडं अंगाला लागला की कळतो,
नाव विचारीत बसत नाय कुणी.

यावर तिनं काही लिहिलं नाही.
शुक्रवारी मात्र बदल दिसले, एकामागोमाग.
कुठून तरी मासेमारीवरचा जुना सरकारी अहवाल काढलेला,
पान एकेचाळीस, तळटीप, बारीक ठशात:
'यास किनाऱ्यावरील लोक जार म्हणतात.'
सहाही ठिकाणचे जेलीफिश गेले.
आता लेखात सात जार आहेत,
प्रत्येकाच्या शेपटीला एकच आकडा.

भिवाची ओळ नाही.
ती जुन्या आवृत्तीत आहे,
त्रेसष्ट बदल मागे, ज्याला जायचं असेल त्याला.
मी दोनदा गेलो.

आज पहाटे पुन्हा आलेत.
शिफ्टवरचा नवा मुलगा नोंदवहीत लिहितो:
चार दहा. जाळी क्रमांक दोन. जार.
मी त्याला शिकवलं नव्हतं,
कुठे वाचलं तेही विचारलं नाही.

काल कुणा नवख्यानं
तिच्या 'चविष्ट'पुढे संदर्भ मागितलाय.
मी कोकणातल्या पाककृतींची जुनी पुस्तकं
मागवून घेतली आहेत,
तीन चाळून झाली.
अजून दोन आहेत.